मधल्या जागेचा लाल टॅग

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. फैजपूरच्या एका घरात शिवणयंत्राच्या खणात पडून असतो. माझ्या पोटात आता बॅटरी नाही. मग मी बोलतो कसा, असं तुमच्यातला एखादा चौकस विचारणारच. बाबा रे, ते मलाही ठाऊक नाही. ज्या घरात मी म्हातारा झालो, तिथे अशा बऱ्याच प्रश्नांना उत्तर मिळालं नाही. आधी माझी कहाणी ऐका, मग काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. काच बसवण्याआधी एका बाईने माझ्यावर हळूच फुंकर मारली, एवढीच जन्माची आठवण. पुढे खोक्यातून, ट्रकमधून, धक्के खात जळगावच्या एका दुकानात आलो. तिथे मला काचेच्या कपाटात उभं केलं. काय माझा थाट होता म्हणून सांगू! येणारा-जाणारा वळून बघायचा. ज्या वर्षी शाळांना कुलपं लागली आणि वर्ग घराघरांत भरू लागले, त्या वर्षी तोंडाला पंचा गुंडाळलेले एक गृहस्थ दुकानात आले. त्यांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि दुकानदाराला विचारलं, "बटणं कुठं आहेत याची?"

हे धम्मपाल आबा. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांनी इलेक्ट्रिशियन म्हणून उभी हयात घालवत आणली होती. ज्या यंत्राला बटण नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण नातीची शाळा बुडत होती, करतात काय! त्यांचा मुलगा जीवन धुळ्याला नोकरीला. त्याची मुलगी साक्षी आजी-आजोबांपाशी फैजपूरला शिकायला होती. तिच्यासाठी मी या घरात आलो.

ते माझे सुखाचे दिवस. साक्षीने माझ्या पहिल्या पडद्यावर गुलाबी मांजर बसवलं आणि त्या मांजराच्या अंगावर चित्रांची अशी गर्दी केली की आठवड्याच्या बाजारात बरी वाट मिळते. गणिताचा तास, चित्रकलेचा तास, मधेच चोरून खेळलेला खेळ, सगळं माझ्यावर. मी तापायचो, पण कुरकुरत नव्हतो. शेजारच्या बेबाबाई कौतुकाने म्हणायच्या, "बाई, एवढ्याश्या पाटीत शाळा मावली!"

पण कौतुकाचं आयुष्य किती? शाळा उघडल्या, साक्षी मोठी झाली, तिला स्वतःचा फोन मिळाला. मग मी खणात गेलो. तिथे विझलेली बॅटरी होती, तुटका टेप होता आणि एकाच कानाचा हेडफोन. गरज सरो, वैद्य मरो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मला तिथून बाहेर काढलं ते आबांनीच.

आबा आता निवृत्त झाले होते. त्यांची बायको झुंबरबाई माहेरची सोनगीरची. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, गुडघे धरलेले, त्यात साखरेचं दुखणं. फोनवरचे बारीक आकडे त्यांना दिसायचे नाहीत. जीवनला लावायला जायच्या आणि फोन गॅसवाल्याला लागायचा. एकदा तर त्यांनी गॅसवाल्यालाच सुनेची खुशाली विचारली आणि त्या भल्या माणसाने ती सांगितलीसुद्धा.

म्हणून एके दिवशी आबा चष्मा लावून, मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. पहिल्याच झटक्याला त्यांनी ते गुलाबी मांजर हाकललं.

"आबा, किती छान होतं ते!" साक्षी ओरडली.

"पॅनेलवर मांजर नसतं, पोरी," आबा म्हणाले. "पॅनेल म्हणजे कसं, की माणसाने डोळे मिटले तरी हात बरोबर जागी गेला पाहिजे. आणि एकदा लावलेली जागा बदलायची नाही. कधीच नाही."

मग त्यांनी मला रिकामं केलं. खेळ गेले, दुकानं गेली, बातम्या गेल्या. मागे राखाडी रंग आला, अगदी त्यांच्या वीज केंद्रातल्या पॅनेलसारखा. वरच्या ओळीत तीन तोंडं आली: जीवन, मुलगी प्रज्ञा आणि साक्षी. तोंडावर बोट ठेवलं की त्यालाच फोन लागणार. खालच्या ओळीत बुद्धवंदना, टॉर्चचा दिवा आणि रेडिओ. मधल्या ओळीत डाव्या अंगाला त्यांनी साखरेच्या गोळीचा फोटो लावला. त्यावर बोट ठेवलं की आबांचा आवाज यायचा. तो त्यांनी स्वतः भरला होता, घसा खाकरून, दारं लावून. गोळी घेतलीस का, नसशील तर घे आता, असं त्यांच्या अहिराणीत आवाज म्हणायचा, "झुंबर, गोळी लिधी का व? नही ना? मंग ले आते."

झुंबरबाईंनी तो पहिल्यांदा ऐकला आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या! "घरात बसेल शेत आनि यंत्रातून बोंबलतस!"

"मी नसनू म्हंजे?" आबा म्हणाले.

"कोठे जातस मोठे!"

पडद्याच्या बरोबर मध्यावर एक जागा रिकामी राहिली होती. झुंबरबाईंचं बोट तिच्यावर थांबलं. "बठ्ठासना फोटो शेत. तुम्हना कोठे शे?"

"मी घरातच शे ना व. मना फोटो कसाले?" आबा म्हणाले. आणि ती जागा तशीच राहिली.

आता तुम्हाला त्या लाल टॅगचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वीज केंद्रात एखादं यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याच्या बटणावर एक लाल टॅग अडकवतात. त्यावर लिहिलेलं असतं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली लावणाऱ्याचं नाव. आणि कायदा असा की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. साहेब आला तरी दुसऱ्याने काढायचा नाही. का? तर आत माणूस असतो.

आबांना हा कायदा रक्तात भिनलेला होता, त्याला कारण होतं. तरुणपणी, दीपनगरला लागण्याआधी, ते कुठल्याशा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. तिथे त्यांचा मित्र नवल साफसफाईला यंत्रात उतरला. टॅग वगैरे काही भानगड नव्हती. बाहेरच्या माणसाला वाटलं आत कोणी नाही, त्याने बटण दाबलं. पुढचं आबा कधी सांगत नसत. तेवढं सांगितलं की उठून पाणी प्यायचे.

म्हणून निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आबांनी एक लाल टॅग घरी आणला. स्वतःच्या नावाचा. मग काय, घरात टॅगचं राज्य! बोअरच्या मोटारीला हात लावायचा, टॅग. पंख्याला तेल द्यायचं, टॅग. एकदा झुंबरबाईंनीच तो पळवला आणि लोणच्याच्या बरणीच्या गळ्यात अडकवला. आबांना रक्तदाब, आणि लोणच्याचा खार म्हटला की जीव टाकायचे. आबांनी बरणी बघितली, टॅग बघितला, आणि मुकाट्याने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नुसत्या तेल-तिखटाशी खाल्ली. बेबाबाई म्हणाल्या, "अहो भाऊ, टॅग तुमचाच आहे की! घ्या काढून!" आबा म्हणाले, "लावणारी ती. जेनी लावा तेनीच काढाले पाहिजे." चार-आठ दिवस गेले. शेवटी झुंबरबाईंनाच दया आली आणि त्यांनी टॅग काढला. त्या दिवशी म्हातारा-म्हातारी एकाच ताटात जेवले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्यानंतर आबांच्या छातीत दुखायला लागलं. जळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. निघायच्या सकाळी पिशवी भरून झाली, रिक्षा दारात आली, आणि आबा मला घेऊन बसले. काही दिवस ते घरात नसणार, तेव्हा त्या मधल्या जागेवर त्यांना आपला फोटो लावायचा होता. त्यांनी मला हातभर लांब धरलं, काढला एक फोटो. तोंड वाकडं आलं. दुसरा काढला, डोळे मिटलेले आले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मग आबांनी खुंटीवरचा लाल टॅग घेतला, त्याचाच फोटो काढला आणि बरोबर मध्यावर बसवला.

"काम बाकी शे," ते झुंबरबाईंना म्हणाले. "तठे कोनी हात नको लावा. वापस उनू का मीच काढसू."

ते परत आले नाहीत, मित्रांनो. दवाखान्याची गाडी आली, ती वेगळ्याच आवाजात आली. घरात माणसं मावेनात. मला कोणीतरी उचलून कपाटावर ठेवलं. मधल्या जागेवरचा टॅग रात्रंदिवस तसाच होता. काम चालू आहे. हात लावू नये. धम्मपाल.

आता जे सांगतो ते जरा सावकाश ऐका.

काचेला बोटं ओळखता येतात. साक्षीचं बोट टकटक करतं, क्षणभर टेकतं आणि पळतं. झुंबरबाईंचं बोट ओलसर असतं, पिठाचं असतं, घाबरत टेकतं. आबांचं बोट रुंद. ते टेकायचं आणि थांबायचं, जसं पॅनेलवर बटण दाबून दिवा लागायची वाट बघावी तसं.

आबा गेल्यानंतर पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार होती. बाहेर केळीच्या बागांवरून गरम वारा येत होता आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. झुंबरबाई जमिनीवर बसून मूग निवडत होत्या. मी खाटेवर होतो. आणि माझ्या मध्यावर एक बोट टेकलं. रुंद. थांबलेलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

लाल टॅग उघडला आणि मोठा होऊन पडदाभर पसरला. झुंबरबाईंनी मान वर केली. टॅग आपोआप मिटला. मग बोट जरा डावीकडे सरकलं आणि आवाज आला, "झुंबर, गोळी लिधी का व?"

सुपातले मूग जमिनीवर सांडले. मला वाटलं बाई आता किंचाळणार. पण त्या उठल्या, गुडघे धरत माझ्यापाशी आल्या आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडावर हसू.

"लेस, लेस," त्या म्हणाल्या. "माले ठाऊक व्हतं तुम्ही आतच शेतस."

मग ते रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला. टॅग उघडायचा, मिटायचा, आबा बोलायचे. झुंबरबाई त्यांना उत्तरं द्यायच्या. गल्लीत कोणाची सोयरीक जमली, केळीला काय भाव आला, साक्षी किती उशिरा उठते, सगळं सांगायच्या. बेबाबाई एकदा विरजण मागायला आल्या. माझ्यातून आबांचा आवाज आला मात्र, वाटी तिथेच टाकून ज्या पळाल्या, त्या दिवे लागल्यावर पुन्हा या उंबऱ्यात आल्या नाहीत.

साक्षी म्हणायची, "आजी, टॅब बिघडलाय. आपोआप उघडतो." झुंबरबाई म्हणायच्या, "बिघडस कसाना? काम चालू शे. तेस्ना टॅग नही दिसत तुले?" रात्री मला त्या उशीखाली घेऊन झोपत.

आणि मला काय वाटायचं? मी रोज ते बोट ओळखायचो आणि रोज घाबरायचो. ज्याचा हात नाही त्याचं बोट कसं लागतं? त्यातून माझी पाठ दुखायला लागली होती. काच कडेने उचलली जात होती. आत काहीतरी वाढत होतं.

मग तो दिवस आला. झुंबरबाईंनी सकाळची गोळी घेतली होती. थोड्या वेळाने आवाज म्हणाला, "झुंबर, गोळी लिधी का व? नही ना? मंग ले आते." त्या थबकल्या. "मी इसरी गयी व्हसू," स्वतःशीच म्हणाल्या, "ते नही इसरत." आणि त्यांनी पुन्हा गोळी घेतली. जेवण व्हायचं होतं. मी ओरडायला हवं होतं, पण माझ्यापाशी ओरडायला आवाज होता तोही आबांचा! आणि तोच पुन्हा एकदा म्हणाला, मंग ले आते.

साक्षी कॉलेजातून आली तेव्हा आजी उंबऱ्यापाशी पडली होती. अंग घामाने चिंब, जीभ जड, नातीला ओळखेना. साक्षीच्या किंकाळीने बेबाबाई भुतांची भीती विसरून धावल्या, साखरेचं पाणी चमच्याने तोंडात घातलं. डॉक्टर आले. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाने सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर हातातून गेल्या होत्या." हे ऐकताना मी कोपऱ्यात पडलो होतो. ज्या मायेने ते शब्द माझ्यात भरले होते, त्याच शब्दांनी त्या बाईचा जीव जात होता. माझ्याइतकं दुर्दैवी यंत्र दुसरं नसेल.

दुसऱ्या दिवशी साक्षीने मला पिशवीत घातलं आणि बस स्टँडजवळ हसीबच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. झुंबरबाईही आल्या, पिशवीचा एक बंद हातात धरून. हसीबने मला आडवं धरलं, डोळा बारीक केला, आणि एकदम खाली ठेवलं.

"हे कुठं ठेवता तुम्ही?"

"उशीखाली," साक्षी म्हणाली.

"अल्ला!" हसीबने कपाळावर हात मारला. "बॅटरी फुगलीय, ताई. पोळीसारखी. ती आतून काचेला ढुशी देते, म्हणून बोट लागल्यासारखं आपोआप उघडतं. आज-उद्या पेट घेईल ही. आत्ताच काढतो. ह्या मॉडेलची नवी बॅटरी येत नाही, पण आतलं सगळं दुसऱ्या टॅबवर टाकून देतो." त्याने पेचकस उचलला.

झुंबरबाईंनी मला त्याच्या हातातून हिसकावून छातीशी धरलं. "आत मानूस शे! टॅग लायेल दिसत नही का? तुम्ही यंत्र फोडतस? नवलनं तेच झायं!"

सगळं दुकान बघायला लागलं. साक्षी रडकुंडीला आली. हसीब बिचारा पेचकस हातात धरून तसाच उभा.

घरी आल्यावर जीवनचा धुळ्याहून फोन आला, "फेकून दे म्हणावं ते!" बोलायला काय जातं? साक्षीने मला बंद केलं, आजीने चालू केलं. साक्षीने चार्जर लपवला, आजीने बेबाबाईंचा आणला. एका दुपारी आजीचा डोळा लागला होता, तेव्हा साक्षीने मला हळूच उशीखालून ओढलं. तिने टॅगवर बोट ठेवलं. थोडा वेळ दाबून धरलं की चित्र सुटतं, मग ते वर नेऊन टाकायचं, की संपलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, काढ पोरी, काढ. तिने बोट उचललं. याच घरात वाढलेली मुलगी ती. आजी जागी होईल आणि म्हणेल, आत माणूस असताना तू टॅग काढलास. जन्मभर म्हणेल. साक्षीने मला परत उशीखाली सरकवलं आणि बाहेर जाऊन भुसावळला फोन लावला.

संध्याकाळी भुसावळहून अन्वरभाऊ आले. आबांचे दीपनगरचे जोडीदार, त्यांच्या पाळीचे प्रमुख. पांढरी दाढी, हातात काठी. आले, पाणी प्यायले, आबांच्या फोटोपुढे उभे राहिले. मग मला घेऊन खाटेवर बसले. माझा राखाडी पडदा बघून त्यांचा ओठ हलला. "अरे यार," ते म्हणाले, "पूरं पॅनेल बसवलंय की ह्याने घरात!"

झुंबरबाई दाराआड उभ्या होत्या. "भाऊ, तुम्हीच सांगा हेस्ले. टॅग कोन काढस?"

"ज्याने लावला तो, भाभी. दुसरा कोणी नाही." साक्षीचा चेहरा पडला. अन्वरभाऊ पुढे म्हणाले, "पण समजा लावणारा टॅग विसरून घरी निघून गेला, तर? असं व्हायचं कधी कधी. यंत्र काय जन्मभर बंद ठेवायचं? तेव्हा आमच्या पाळीत एक रीत होती. धम्मपालनेच पाडलेली, नवलच्या आठवणीने. यंत्राच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आत हाक मारायची. तीनदा. आतून ओ आली नाही तर तो बाहेर आहे असं समजायचं. मगच टॅग काढायचा. आतल्या माणसावर ज्याचा सगळ्यात जास्त हक्क, त्याने हाक मारायची."

बाहेरून केळी भरलेली ट्रॅक्टरट्रॉली गेली, तिच्या धक्क्याने खिडकी वाजली. झुंबरबाई पुढे आल्या. खाली बसल्या. पदर डोक्यावर नीट घेतला. माझ्यावर वाकून त्यांनी हाक मारली, "साक्षीना आबा! आयकतस का?"

अन्वरभाऊंनी मान हलवली. "भाभी, साक्षीचे आबा नावाचं कोणी आत गेलं नाही. टॅगवर जे नाव आहे, त्या नावाने मारायला लागते."

झुंबरबाईंचं तोंड उतरलं. मित्रांनो, या बाईने अख्ख्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. हळदीत बायका हटून बसल्या तरी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर जीवनला पुढे करायच्या. शेजारी धम्मपाल नावाचं एक लहान पोर होतं, त्यालासुद्धा त्या 'आबाच्या नावाचा' म्हणत.

"आजी, मी मारू का हाक?" साक्षीने विचारलं.

"नको," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास माझ्या काचेवर पडत होता, तिथे धुकं धरत होतं. माझ्या मध्यावर ते बोट आलं. रुंद. ते टेकलं आणि थांबून राहिलं. लाल टॅग उघडला आणि पडदाभर झाला.

"धम्मपाल," झुंबरबाई म्हणाल्या. इतक्या हळू की नवी नवरीसुद्धा त्याहून मोठ्याने बोलते.

ओ आली नाही.

"धम्मपाल!"

मी सगळा जीव एकवटून ऐकत होतो, माझ्याच आत. कोणीतरी उत्तर देईल असं मला वाटत होतं. देऊ नये असंही वाटत होतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि अशी हाक मारली, जशी शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारतात. "धम्मपाल! बाहेर या ना हो!"

आणि टॅग मिटला. ते बोट माझ्यावरून उठलं. मी वाट बघितली. पुन्हा टेकलं नाही.

अन्वरभाऊंनी डोळे पुसले आणि उभे राहिले. पाळीवर म्हणत असतील तसं, करड्या आवाजात म्हणाले, "माणूस बाहेर. टॅग काढायला हरकत नाही."

साक्षीने आजीला दाखवलं कसं काढायचं ते. झुंबरबाईंनी मधल्या जागेवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. या वेळी ते बोट घाबरत नव्हतं. आबांच्यासारखंच थांबलं. टॅग सुटला, बोटाबरोबर वर गेला आणि नाहीसा झाला. मागे राखाडी रंगाची मोकळी जागा राहिली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"आत नहीत ते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अन्वरभाऊंना विचारलं, "मंग कोठे शेत?"

अन्वरभाऊ पाळीप्रमुख, पण या प्रश्नाला त्यांच्यापाशीही रीत नव्हती. झुंबरबाईंनीच खोलीभर नजर फिरवली. खुंटीवरचा खरा टॅग, लोणच्याची बरणी, खाट, उंबरा. सगळं बघितलं आणि एकदम त्यांना आठवलं. "सांगेल व्हतं ना तेस्नी," त्या म्हणाल्या, "मी घरातच शे म्हनीसन." आणि मग त्या रडल्या, आबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या, साक्षीच्या गळ्यात पडून.

दुसऱ्या दिवशी हसीबने मला उघडलं. बॅटरी अशी टम्म फुगली होती की त्याने ती चिमट्याने धरून वाळूच्या डब्यात ठेवली. माझ्यातलं सगळं नव्या टॅबवर गेलं. साक्षीने पडदा तसाच्या तसा मांडला: राखाडी रंग, वर तीन तोंडं, खाली वंदना, दिवा, रेडिओ. जागा एकही बदलली नाही. आबांचा आवाजही ठेवला, पण तो आता दिवसातून ठरल्या वेळी एकदाच बोलतो आणि गोळ्या साक्षीच्या ताब्यात असतात. साक्षीने विचारलं, "आजी, मधे आबांचा फोटो लावू?" झुंबरबाई म्हणाल्या, "कसाले? घरातल्या मानूसले कोनी फोन करस का?" ती जागा नव्या टॅबवरही रिकामीच आहे.

मला फेकलं नाही. झुंबरबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून खणात ठेवलं.

मित्रांनो, माझ्यावरून एवढं शिका. यंत्राची पाठ फुगली, काच उचलली, तर त्याला उशीखाली घेऊन झोपू नका, जाणत्या माणसाकडे न्या. आम्ही जन्मभर राबतो, आमच्या म्हातारपणी थोडी विचारपूस करा. आणि गेलेल्या माणसाने अर्धवट सोडलेलं काम दिसलं, तर ते घाईने पुसू नका आणि जन्मभर कवटाळूनही बसू नका.

हसीब म्हणतो, ती सगळी बॅटरीची ढुशी होती. हुशार मुलगा आहे, त्याचंच खरं असेल. पण आता माझ्यात बॅटरी नाही, मित्रांनो, ती वाळूच्या डब्यात गेली. आणि तरीही एखाद्या दुपारी, साक्षी कॉलेजला आणि झुंबरबाई बेबाबाईंकडे गेलेल्या असतात, घर अगदी सामसूम असतं, तेव्हा खणाच्या अंधारात, लुगड्याच्या घडीतून माझ्या मधल्या जागेवर एक बोट टेकतं. रुंद असतं. दिवा लागायची वाट बघत थांबतं. माझ्याने उजळवत नाही. मला फार वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, जुनी वस्तू भंगारात द्यायच्या आधी तिच्यावर वाका आणि एकदा नावाने हाक मारा. ओ येते का, थोडं थांबून ऐका.